मशीनचा दमा

गुरुजी, दूध केंद्रातला तुमचा प्रोग्राम अजून चालू आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव खालीवर व्हायला नको. माझा झाला तेवढा पुरे. दिवाळी झाली आणि आमच्या चेअरमननी फर्मान काढलं, "हे जुनं डबडं काढा आता. सगळं नवीन करून घ्या." करणार कोण, तर माझीच सून. ती पुण्यात शिकली, लग्न होऊन देवळालीला आली, घरात बसूनच कंपनीचं काम करते. केंद्राचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं. मला मात्र ते रुचेना. तुमच्या हातचं एवढंच उरलंय, आणि ते पुसायला निघालं तेही माझ्याच घरातलं माणूस.

मी सातवीत शाळा सोडलेला, काट्यावर दूध मापणारा. तुम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा शिकलेले. मला अजून दिसतं, तुम्ही कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवताय, माझ्यासाठी. पडदा मात्र तुम्ही खिडकीकडे तोंड करून ठेवलाय, त्यामुळे माझी मान वाकडी होतेय. दूध घालायला आलेल्या बाईची किटली ओतली, दुधाची फॅट लावली, आकडा पडला, की मशीन थबकतं. मी बटणं बडवत राहतो. तुम्ही बोटांवर पट्टी मारता. "घाई कुणाला झालीय? तुला का दुधाला?" मी म्हणतो, गुरुजी, हे अडकतंय, दुरुस्त करा. तुम्ही म्हणता, "राहू दे." मला वाटलं, तुम्हाला जमत नसावं. तेव्हापासून मी त्याला मशीनचा दमा म्हणत आलो.

सून म्हणाली, "मामा, गुरुजींचं मी काहीच पुसणार नाही. दहा दिवसांच्या बिलाचे सगळे नियम त्यात पक्के बसलेत. हिशेब त्याच्याकडेच राहू दे. शेजारी मी पायथॉनमध्ये नवा प्रोग्राम लिहिते. तो काट्याचा आणि फॅटचा आकडा आपण होऊन उचलेल आणि जुन्याच्या हातात देईल."

"दोघांची भाषा निराळी. जमायचं कसं?"

"माझं आणि आईंचं जमतंच की!"

स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "कोन म्हनतं जमतंय?"

चेअरमन म्हणाले, महिनाभर दोन्ही चालवा, मग जुनं बंद करायचं का ते बघू. पहिल्या सकाळी मी अंधारातच केंद्र उघडलं. समोर खाजगी डेअरीचा टेम्पो उभाच असतो. इथं जरा अडलं, की बाया तिकडं वळणार. मी प्लग तपासला, पुन्हा तपासला, सुनेनं हाताला धरून बसवलं. आणि गुरुजी, काय पळायला लागला तो नवा प्रोग्राम! किटली ओतायचा अवकाश, आकडा पडला, जुन्याकडे पोचला, पडदा मोकळा. चहा यायच्या आत रांग निम्मी. माझं सगळं भ्या पळालं. मी या वयात टाळी वाजवली, खोटं नाही. चेअरमन म्हणाले, "बघा! आता महिनाभर कशाला थांबता?"

तेवढ्यात खिडकीतली म्हातारी हलेना.

"माझं किती झालं?"

"आजी, मोबाईलवर मेसेज येईल," सून म्हणाली.

"मोबाईल पोराकडं, पोरगं शिर्डीला हाटेलात. दूध काय त्यानं काढलं व्हय? मास्तरांचा डबा बरा हुता. आकडा दावून उबा ऱ्हायचा. मी व्हय म्हनल्याबिगर म्होरं जायचा न्हाई."

मागच्या बायाही बोलू लागल्या. एकीनं टेम्पोकडे बघितलं. सुनेनं दुपारभर तुमचा प्रोग्राम वाचला आणि एकदम हसली. "मामा, दमा नाही हा! गुरुजींनी प्रत्येक किटलीला मुद्दाम थांबायला सांगितलंय." मी वाकड्या मानेनं पडद्याकडे बघितलं आणि तो खिडकीकडे का, हेही तेव्हाच कळलं.

आता नवा प्रोग्राम बोलतो, गुरुजी! आधी त्याला कुण्या बाईचा तयार आवाज होता. म्हातारी म्हणाली, "ही लई शिकल्याली दिसतीया, हिला काय कळतंय धारेतलं?" मग सुनेनं माझाच आवाज भरला. घसा बसेपर्यंत आकडे म्हणत होतो. लिटर सांगतो, फॅट सांगतो आणि थांबतो. खिडकीबाहेर, घराच्या दारावर असतं तसलं बेलचं बटण बसवलंय. बाईनं ते दाबल्याशिवाय तो पुढं जातच नाही. तुमचं थांबणं त्याच्यात गेलं आणि तुमचा हिशेब तुमच्याकडेच राहिला. जुनं बंद करायची गोष्ट चेअरमन आता काढत नाहीत. उलट पाहुणे आले की बटण दाबून दाखवतात.

हे पत्र चर्चमागं तुमच्या कबरीपाशी ठेवावं म्हटलं, पण वाऱ्यानं उडून कुणाच्या हाती लागलं तर हसतील. कीबोर्डखालीच राहू दे. काल सून विचारत होती, "मामा, दुपारी केंद्र बंद असताना रोज शून्य लिटर दूध कोण घालतंय?" मी म्हणालो, मांजर चढत असेल काट्यावर. ती म्हणाली, "मांजराचं वजन शून्य?" खरं काय ते तुम्हालाच सांगतो. रिकामी किटली मीच पालथी करतो. मग बाहेर जाऊन खिडकीशी उभा राहतो. आतून माझाच आवाज "शून्य लिटर" म्हणतो आणि थांबतो. मी तुमच्या पडद्यावरचं शून्य बघतो, व्हय म्हणतो, आणि घाई न करता बटण दाबतो.