दर रविवारी चेनसॉ

विश्रांतवाडी, पुणे
५ मे २०२५

चि. पूर्वास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या मेळघाटात मोबाइलला धड रेंज नाही, हे माझ्यासारख्या पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईच्या पथ्यावरच पडलं.

मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यात सोसायटीतल्या सुबाभळीची फांदी पार्किंगमध्ये आडवी झाली. कापायला माणूस मिळेना, तेव्हा कमिटीने चिडून चेनसॉच, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवतच, विकत आणली. ती सांभाळणार कोण, एवढंच मी सभेत विचारलं. टाळ्या पडल्या आणि चेनसॉ माझ्या घरी आली.

फांदी मीच कापली, मग बघते तर मशीनच्या आत भुसा तेलात कालवून थापलेला. सी विंगमधले हिंमतराव एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आत जोरात फुंकर मारली आणि सगळा भुसा त्यांच्याच झुपकेदार मिशीत! मी इतकी हसले की उचकी लागली. तर ही साफ कशी करायची ते सविस्तर कळव. वनखात्यात अधिकारी आहेस, भाचीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तब्येत सांभाळ. पत्राला उशीर केलास तर लोभ कमी करीन.
तुझी,
तनुजाआत्या


धारणी
१४ मे २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि. पत्र वाचून आमचं अख्खं ऑफिस हसलं.

आधी शपथ घे. इंजिन गार झाल्याशिवाय आणि प्लगची वायर काढल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हातमोजे हवेतच, चेन थांबलेली असली तरी कापते. मग बाजूचं झाकण उघडून चेन आणि ती जिच्यावरून फिरते ती पट्टी काढ. जुन्या टूथब्रशने भुसा झाड, पट्टीच्या खाचेतलाही, आणि तिथलं तेलाचं बारीक भोक मोकळं कर. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळू दे. दातांवर गोल कानस एकाच दिशेने फिरव, सगळ्या दातांवर सारखीच. परत बसवल्यावर चेन पट्टीखाली लोंबायला नको, पण हाताने ओढली तर सरकली पाहिजे.

हे मशीन वापरल्यावर करायचं असतं, उगीच नाही. आता माझा प्रश्न. पत्र चेनसॉचं, पण माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती मिशी. हे गृहस्थ कोण?

लोभ आहेच. खुलासा यावा.
पूर्वा


विश्रांतवाडी
२ जून २०२५

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद. हिंमतरावांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. एकटेच राहतात, फोडणीचा भात उत्तम करतात. एवढा खुलासा पुरे.

आम्ही आता दर रविवारी साफसफाई करतो. मशीनने त्यानंतर काडीही कापलेली नाही, पण भुसा आपोआप साचतो असं हिंमतरावांचं मत आहे. काल मी चेन उलटी बसवली. वरच्या बाजूचे दात पट्टीच्या टोकाकडे तोंड करून हवेत, हे तू लिहायला विसरलीस! ओंडक्याला लावली तर लाकूड कापेना, नुसता धूर. तिसऱ्या मजल्यावरून वैष्णवीने ओरडून विचारलं, काकू, कणसंसुद्धा भाजून मिळतील का? हिंमतरावांनी चूक स्वतःवर घेतली. मग आम्ही दोघं पायरीवर बसून पोट धरधरून हसत सुटलो.

तेवढ्यात तुझे बाबा हडपसरहून आले. बहिणीच्या तोंडाला काळं तेल, शेजारी परका पुरुष, आणि त्याच्या अंगात बहिणीचा फुलाफुलांचा एप्रन. दादा चहासुद्धा न घेता निघून गेला. आता फोन उचलत नाही. आईबाबांच्या मागे त्यानेच मला सांभाळलं. भीती वाटते गं. आणि भीती वाटते तरी रविवारची वाट बघते.

तुझा लोभ तरी राहू दे.
आत्या


हडपसर
१० जून २०२५

चि. पूर्वास आशीर्वाद.
आम्ही दोघं ठीक. तुझी आत्या दर रविवारी एक मशीन दुरुस्त करते. मशीनला काहीही झालेलं नाही. साठीत छंद लागला असेल तर हरकत नाही. छंदाला मिशी का असावी, एवढंच मला कळत नाही.

तू हसशील. पण मी तिच्यासाठी स्थळं बघायचो तेव्हा जो तो तिला पोस्टातली नोकरी सोडायला सांगायचा. तिने एकेकाला नकार दिला, मी तिच्या मागे उभा राहिलो. आता या वयात कसा माणूस निघतो, याची काळजी वाटते. रविवारी जाऊन बघतो. तुझी आई म्हणते, तोंड सांभाळून जा. प्रयत्न करीन.

लोभ आहे हे लिहायला हवं का?
भीमराव


विश्रांतवाडी
१६ जून २०२५

चि. पूर्वा,
जयभीम, जयभीम, जयभीम! घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

दादा काल आला. हिंमतरावांना समोर बसवून आधी गाव विचारलं, मग रक्तदाब. ते बिचारे दोन्ही खरं सांगत होते. तेवढ्यात वारा सुटला आणि बाहेर कडाड्! सुबाभळीची मोठी फांदी बरोब्बर फाटकात. वैष्णवीच्या साखरपुड्याच्या जेवणाचा टेम्पो बाहेर, पाहुणे आत.

मी गॉगल, हातमोजे आणि कानांवर आवाज अडवणारे जाडजूड मफ चढवले. दोरी ओढली तशी पहिल्याच झटक्यात चेनसॉ गुरगुरली. भुसा काय उडत होता! दिसेल तो पुरुष, काकू, द्या इकडे, म्हणून खुणा करत हात पुढे करत होता. हिंमतरावांनी मात्र हात पसरून सगळ्यांना मागे सारलं आणि मला मोकळी जागा करून दिली. दादा ते एकटक बघत होता.

फांदी निघाली, टेम्पो आत गेला. मी मशीन बंद केली. दादाने हिंमतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही, पण दादाचा निवळलेला चेहरा दिसला. मला काय झालं कोण जाणे, मी हिंमतरावांजवळ गेले आणि अगदी हळूच विचारलं, माझ्याशी लग्न कराल का?

हळूच, असं मला वाटलं. कानांवर मफ असले की आपलाच आवाज आपल्याला कळत नाही गं! पटापट सगळ्या खिडक्या उघडल्या. आचारी जिलब्यांची परात घेऊन तसाच उभा. हिंमतरावांचे ओठ हलले, मिशी हलली, मला अक्षर ऐकू येईना. मी परत विचारलं. आणखी मोठ्याने, असं सगळे सांगतात. शेवटी दादाने पुढे येऊन माझ्या कानांवरचे मफ ओढून काढले आणि ओरडला, अगं, ते केव्हाचे हो म्हणतायत!

रजा टाक. लोभ असेल तसा घेऊन ये.
तुझी,
आत्या