घर, बादली आणि रविवारचा डबा

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली मुख्य स्वयंपाकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाचा दाखला कोणी मागितला नाही, नाहीतर तोही जोडला असता. दोन खोल्यांचं हे घर मी एकतीस वर्षं पातेली उचलून स्वकष्टाने घेतलं. ते एकुलत्या एका मुलाला द्यायचं, असं परवापर्यंत ठरलेलं होतं. आता नाही.

कलम एक. बाल्कनीतली खताची बादली नणंदेला. चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या वहिनी पाहुण्यांना कचरा रांधून वाढतात." त्या दिवशी फ्लॉवरच्या देठांचं सूप होतं आणि बाईसाहेबांनी तीन वाट्या ओरपल्या होत्या. कशाचं आहे ते कळेपर्यंत फार छान लागत होतं. खरा कचरा कसा असतो ते तिने एकदा जवळून बघावं. बादली भरलेली द्यावी.

कलम दोन. माझी पाककृतींची वही सूनबाईला मिळणार नाही. ती मोबाइलवर बायकांना कचरामुक्त स्वयंपाक शिकवते. दुधीची सालं तिळात परतायची, गाजराचा पाला डाळीत घालायचा, शिळ्या पावाच्या चुऱ्याने सूप दाट करायचं, हे सगळं माझं. वर तोंड करून सांगते, "मला सुचलं!" आणि स्वतःच्या घरी आठवड्यातले पाच दिवस जेवण बाहेरून. वही रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला द्यावी. तिथे दीडशे माणसं जेवून उठली तरी आमची कचऱ्याची बादली अर्धीसुद्धा भरत नसे.

कलम तीन. राहतं घर. चिरंजीव सेहेचाळीस वर्षांचे, साखर वाढलेली, एक जिना चढले की धाप. म्हणून दोन वर्षं दर रविवारी मी त्याच्या दारात डबा नेऊन देत आले. आइस्क्रीमचा धुतलेला, दोरीने बांधलेला डबा, त्यात पालेभाजी, कडधान्य, तेल बेताचं, मीठ त्याहून बेताचं. या रविवारी झाकणाखाली, अगदी वर, कागदात गुंडाळून घराची किल्ली ठेवली. कागदावर लिहिलं, "घर तुझ्या नावावर करतेय. उद्या जेवायला ये. आई." संध्याकाळी मीच फोन केला.

"डबा उघडलास?"

"हो गं आई. मस्त होता. चाटूनपुसून खाल्ला."

माझा जीव केवढा सुखावला! किल्लीबद्दल बोलला नाही, वाटलं उद्या येऊन बोलेल.

सोमवारी सकाळी, आमच्या आणि चिरंजीवांच्या दोन्ही गल्ल्यांतून फिरणाऱ्या कचरागाडीवर काम करणारी बाई दारात उभी. तिच्या हातात माझी किल्ली, चिठ्ठीसकट.

"मावशी, ही तुमच्या डब्यात होती. डबा तुमच्या मुलाच्या बादलीत सापडला, दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती."

"तू उघडलास?"

"दर सोमवारी उघडते की. दोन वर्षं झाली. आई आणि मी खातो. पण मावशी, मीठ जरा कमी असतं हं."

मी आत जाऊन रडले. मग वकिलांना फोन केला.

सबब, हे घर त्यातल्या भांड्यांसह मी कचरागाडीवरच्या त्या बाईला देत आहे. घेणारीने साक्ष देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून साक्षीदार दुसरे घेतले. चिरंजीवांनी खुशाल कोर्टात जावं. ती चिठ्ठी या कागदाला टाचली आहे. बाळा, एवढी तरी उघडून वाच.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर २. समोरचे शिंपी
ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ, मंगळवार