पाणचक्कीच्या तळघराची पाहणी

मंगळवार, ८ ऑक्टोबर
लेक अजून दिवा लावूनच झोपते. अंधारात कोणीतरी असतं म्हणे. कोणी नसतं, असं मी ठासून सांगितलं. बाबा म्हणतो म्हणजे नसेलच, म्हणाली. हा विश्वास जपायला हवा. रविवारी तिला पार्कातल्या जुन्या पाणचक्कीच्या अंधाऱ्या तळघरात नेणार. मी ऑफिसचा सेफ्टी ऑफिसर आहे. भीती कशी घालवायची ते मला विचारा.

गुरुवार, १० ऑक्टोबर
पार्कचं माहितीपत्रक वाचलं. पायवाट सोपी, बाबागाडीसुद्धा जाते. चक्कीचा शेवटचा मालक म्हणे आजही तळघरात पाहुण्यांचं स्वागत करतो. हे वाक्य आवडलं नाही. रविवारी पाऊस आहे का, असं बायकोला सहज विचारलं. स्वच्छ ऊन आहे म्हणाली. बघू.

शनिवार, १२ ऑक्टोबर
सासूबाईही येणार. बॅगेत टॉर्च, दोरी, शिट्टी, मलमपट्टी. पार्कात चाललोय की लढाईवर, असं बायकोने विचारलं. मी टॉर्चचे सेल तपासले. झोप नाही. चहा जास्त झाला असावा.

रविवार, १३ ऑक्टोबर, सकाळ
गेटवर सगळ्यांची मोजणी केली. झाडीत काहीतरी खसफसलं. मी सगळ्यांना जागीच थांबवलं. एक आजी बाबागाडी ढकलत शेजारून निघून गेल्या. बेफिकीर लोक!

रविवार, दुपार
चक्कीपाशी पोचलो. नियमाप्रमाणे आधी पाहणी, मग प्रवेश. तिघींना दाराबाहेर झाडाखाली उभं केलं. लेक घाबरू नये म्हणून टॉर्च तिच्याकडे दिला. इथे चुकलं.
पायऱ्या उतरलो. मिट्ट काळोख. भिंतीला चिकटून चाललो, खाली गारठा फार. मी खाकरलो. कोपऱ्यात पिठाने पांढराफटक म्हातारा उजळला आणि म्हणाला, या पाहुणे, बसा. मी बसलो. धान्याच्या पेटीमागे.
आमच्या ड्रिलचा नियम : संकटात पळू नका, आहात तिथेच थांबा, शिट्टी वाजवा. वाजवली. म्हातारा म्हणाला, या पाहुणे, बसा. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मी जोर वाढवला, तोही थांबेना. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

रविवार, संध्याकाळ
शेवटी लेक खाली आली. एकटी, टॉर्च घेऊन. माझ्या तोंडातली शिट्टी हळूच काढून घेतली. म्हातारा गप्प झाला, विझला. बाहुला आहे बाबा, आवाज झाला की बोलतो, असं कुजबुजली. मग माझा हात धरून मला वर आणलं. रखवालदार धावत आला होता. शिट्टी ऐकून कोणाचं तरी मूल हरवलं असं त्याला वाटलं. मूल सापडलं, असं बायकोने त्याला सांगितलं.
निघताना मोजणी केली. एक जण कमी! पुन्हा मोजलं, तरी एक कमी. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, स्वतःलाही मोजा. ड्रिलमध्ये मोजणारा स्वतःला मोजत नाही, पण हे त्यांना कोण समजावणार?

सोमवार, १४ ऑक्टोबर
उपाय शंभर टक्के यशस्वी. लेक काल दिवा बंद करून झोपली. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.
आमच्या खोलीतला दिवा मात्र रात्रभर चालू होता, अशी बायकोची तक्रार. रोजनिशी लिहीत होतो म्हणालो. वही तर गाडीतच राहिली होती, असं तिने दाखवून दिलं.
आत्ता लेक येऊन तिचा छोटा दिवा माझ्या उशाशी ठेवून गेली. नको म्हणालो. तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने.