बरां, येतंय

शिरोडा,
१२ जानेवारी २०२५

चि. सुदेश यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व, म्हणजे मी एकटा, कुशल.

फोनवर आपण दोघे 'बरा आसा' आणि 'जेवलंस?' यांच्या पुढे सरकत नाही, हे मागल्या खेपेस तूच म्हणालास. म्हणून पुन्हा पत्रावर आलो. कागदावर दोन वाक्यांमध्ये कितीही वेळ गेला तरी समोरच्याला तो ऐकू येत नाही, ही मोठी सोय आहे.

तू मस्कतहून दिलेलं खोकं रेडीच्या ओंकारने सुट्टीवर येताना आणून पोचवलं. त्यातल्या चार स्प्रिंगा बाबली मेस्त्रीने परवा बसवल्या आणि तुझी लाल गाडी दोन बोटं खाली आली. शाळेत अधोगती हा शब्द शिकवताना मी उदाहरणं शोधत असतो. हौसेने परदेशातून अधोगती पाठवणारा माणूस आपल्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. बाबली म्हणतो, आता वळणावर ती जमिनीला धरून जाईल. जाईलही. पण खळ्यात, घरापुढच्या अंगणात, यायचं तर दगडी गडग्यातल्या वाटेवर आजोबांनी बसवलेला चिऱ्याचा उंबरा आहे, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्यावर तिचं पोट टेकलं. धड आत नाही, धड बाहेर नाही. चौघांनी उचलून मागे घेतली तेव्हा बाबलीने निकाल दिला की आता हिका मुंगयेक इचारून जावचा लागतला.

सध्या ती शेजारी तुळसाकाकीच्या फणसाखाली उभी आहे. फणसाला कोवळ्या कुयऱ्या धरल्यात. त्या मोठ्या होऊन टपावर पडायच्या आत काही तोड सांग.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मराठीत द्विवचन नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. तुझी गाडी सगळी द्विवचनातच आहे. दारं दोन, खुर्च्या दोन. मागे जी जागा आहे तिथे आईची पिशवी तेवढी मावायची. आई गेल्याला चौदा महिने झाले, आणि तू तिच्या बाराव्यानंतर आला नाहीस. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, तपशील म्हणून लिहितो.

लोभ आहेच. तो गाडीसारखा वर्षभर ताडपत्रीखाली ठेवू नये.

तुझा,
दादा


मस्कत,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अधोगती वाचून इथे वर्कशॉपमध्ये एकटाच हसलो. शेजारच्या केरळच्या पोराला समजावून सांगायला गेलो, पण ते जमलं नाही.

उंबऱ्याला हात लावू नको. आजोबांचा आहे. दोन्ही बाजूंनी फळ्यांचा उतार करून घे, गाडी तिरकी घातली की चढते. बाबलीला कळेल.

दुसरं खोकं पाठवलंय. त्यात हवेचा फिल्टर आहे, नवा सायलेन्सर आहे आणि मागे डिकीवर बसवायचा पंख आहे. पंख बघून तू काहीतरी बोलशील, म्हणून आधीच सांगतो. तो गाडी उडावी म्हणून नसतो. वेगात वारा लागला की मागची बाजू हलकी होते, ती खाली दाबून धरण्यासाठी असतो. सायलेन्सरने इंजिनाला श्वास मोकळा मिळेल. आवाज बदलेल, पण नियमात बसणारा आहे. बाबलीला घाबरू नको म्हणावं.

आवाज बदलायला हवाच होता, दादा. जुना आवाज आईला तिठ्यावरून ऐकू यायचा. मी घरी पोचेपर्यंत तिने चहाचं आधण ठेवलेलं असायचं. बाराव्याला मी तिठ्यावर इंजिन बंद केलं आणि चालत आलो. तू विचारलं होतंस, गाडी बिघडली काय म्हणून. मी हो म्हटलं होतं.

दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेव, नाहीतर बॅटरी बसेल. तुला चालवता येत नाही ते ठाऊक आहे. नुसती किल्ली फिरव आणि आत बसून राहा. गिअरला हात लावू नको.

इथे मेपासून उन्हाळा अंगावर येतो. बाकी बरा आसा. जेवतंय वेळेवर.

लोभ आहे तसाच असू दे, वर आणखी काही बसवायची गरज नाही.

बरां, येतंय.

तुझा,
सुदेश


शिरोडा,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुदेश यास अनेक उत्तम आशीर्वाद, या खेपेस नेहमीपेक्षा मूठभर जास्त.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ तीनदा वाचली. वर मेच्या उन्हाळ्याचं लिहिलंस आणि खाली 'येतंय', म्हणजे मेमध्ये येतोस तर. तारीख फोन करून विचारणार होतो, पण विचारलं की माणूस विचार करू लागतो. तेव्हा विचारत नाही. तू आपला ये.

आता तुझी आज्ञा मोडल्याचं सांगतो. उंबरा काढला. फळ्यांचा उतार करून पाहिला होता, पण फळी मोडली आणि बाबलीचा पाय थोडक्यात वाचला. मग विचार केला की चार महिने कोरडेच आहेत आणि तू येणार आहेस. तू तिठ्यावर गाडी थांबवून चालत आलास ते पुरे झालं. चिरे उपटायला दोन माणसांना अख्खी सकाळ लागली. आजोबांनी चुना भरपूर वापरला होता. गाडी मात्र सरळ आत आली, माहेरी आल्यासारखी.

सायलेन्सर बसला. मागून पाहिलं तर दोन गोल नळ्या शेजारी शेजारी, म्हणजे आडवा विसर्गच. विसर्गाचा अर्थही सोडून देणं असाच आहे, त्यामुळे मला त्यात सुधारणा सुचवता आली नाही. पंखाची मात्र मी बरीच चेष्टा ठरवून ठेवली होती, ती तुझा खुलासा वाचून राहून गेली. पंख असावा आणि तो जमिनीवर धरून ठेवण्यासाठी असावा! आपल्या गावातल्या घराघरांतून जे पंख फुटले, ते सगळे दुसऱ्या जातीचे होते.

रविवारी सांगितल्याप्रमाणे किल्ली फिरवली. अरे, तो आवाज! पिंपात वाघ कोंडल्यासारखा. गडग्यापलीकडून तुळसाकाकी धावत आली आणि विचारू लागली, मास्तरांनु, भाव इलो काय तुमचो? मी काच खाली करून नाही म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आज मात्र तिला सांगितलं की मेमध्ये येतलो. तिने लगेच तुझ्यासाठी एक कापा फणस राखून ठेवला, झाडावरच.

आता शाळेचे पेपर तपासायचे, मग तुझी माडीवरची खोली. गादीला ऊन दाखवून झालंय.

लोभाची वाढ करावी; तिथे अधोगती चालणार नाही.

तुझा,
दादा


मस्कत,
१६ मार्च २०२५

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणार होतो. दोनदा लावला. दोन्ही वेळा तू 'जेवलंस?' विचारलंस आणि मी हो म्हणून ठेवला.

दादा, मी मेमध्ये येत नाही. पत्रात 'येतंय' लिहिलं ते आपण उठताना म्हणतो तसं. घरातून निघताना जातंय म्हणू नये, आईने थोबाडीत मारून शिकवलेलं. पत्र संपलं, मी उठलो, म्हणून येतंय. तू त्याचा असा अर्थ घेशील हे माझ्या मनातही आलं नाही. तू संस्कृतचा मास्तर!

उंबरा काढलास ते वाचलं. पावसाआधी बसवून घे.

इथे दोन वर्षांचा नवा करार केलाय. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, ते खरं सांगतो. गाडीचा एकेक भाग बदलत गेलो की ती गाडी तीच राहणार नाही आणि मग तिच्यातून घरी यायला जमेल, असं मला वाटलं होतं. स्प्रिंगा बदलल्या, आवाज बदलला. पण मी येताना चहाचं आधण नसणार, ते बदलणारा भाग मला कुठल्या दुकानात मिळत नाही.

गाडी विकून टाक. बाबलीकडे गोव्याचं गिऱ्हाईक असेल. तुझा रविवार मोकळा होईल.

रागावलास तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझा,
सुदेश

(शेवटी काय लिहावं ते कळेना, म्हणून काही लिहिलं नाही.)


शिरोडा,
६ एप्रिल २०२५

चि. सुदेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

चूक माझी. अगदी जवळचं भविष्य सांगायचं असेल तर वर्तमानकाळ चालतो, हा नियम मी अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. तो नियम तुझ्या ओळीला लावला आणि आईची थोबाडीत विसरलो. ती मीही खाल्लेली आहे. मुलाने अशी चूक केली असती तर मी अर्धा गुण कापला असता.

तुझी गादी मी खाली आणली आहे आणि तिच्यावर झोपतो. ऊन दाखवलेलं वाया घालवायचं नसतं.

गाडी विकत नाही. गिऱ्हाईक आलं होतं, म्हापशाचं, चांगला माणूस. त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं की मालक कुठे आहे. मी म्हटलं, येता हा. तो खरंच मालकाची वाट बघत खळ्यात थांबला. मग मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. चहाचं आधण मला ठेवता येतं, सुदेश. हे तुला कोणी सांगितलं नसावं. आईएवढा चहा होत नाही, पण कप दोनच ठेवले आहेत आणि ते दोन्ही धड आहेत.

उंबराही बसवत नाही. चिरे गडग्याला लावून ठेवलेत. बाबली म्हणतो, मास्तरांनु, पावसात पाणी खळ्यात येतला. येऊ दे. कोणीतरी येईल.

रविवारची दहा मिनिटं चालू आहेत. मी डाव्या खुर्चीवर बसतो. हात लांब करून किल्ली फिरवावी लागते, कंबर धरते, पण स्टेअरिंगची जागा माझी नव्हे. तुळसाकाकी अजून गडग्याशी येते. मी 'येतलो' म्हणतो, ती 'बरां' म्हणते आणि फणसाकडे बघून परत जाते. फणस पिकायला आला आहे. तो उतरवून कोणाला तरी द्यायला लागेल. पुढच्या वर्षी झाड पुन्हा धरेल.

तू शेवटी काही लिहिलं नाहीस, ते मला आवडलं नाही. पत्र उघडं राहतं. 'जातंय' लिहिणं व्याकरणाला धरून होईल, पण ते लिहू नको. पूर्वीसारखं 'येतंय'च लिही. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मी माझं बघीन.

लोभ असू दे. वाटेत आता काही आडवं नाही.

तुझा,
दादा