बियाण्याच्या खोलीची कडी

प्रिय छकुले,

आई व्हायला निघालीस तरी मी छकुलीच म्हणणार. तक्रार असेल तर समोर येऊन कर. आधी घरच्या बातम्या. तांबड्या गाईला कालवड झाली. बाबांनी गोठ्याचा गळका नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे तो आता दोन ठिकाणी गळतो. आणि मालकीण पुन्हा व्याली. हो, तीच करडी मांजर. ती गोठ्यात शिरली की आपण सगळे बाजूला सरायचो, म्हणून तूच तिला हे नाव दिलंस.

आपला नियम तुला पाठ आहे. मांजर कामाला, लाडाला नाही. धार काढून झाली की डब्याच्या झाकणात दोन घोट दूध, बाकी पोट उंदरांवर भरायचं. मालकीण अजून रोज सकाळी उंबऱ्यावर एक उंदीर ठेवून हजेरी लावते. नियम मोडतात ते तुझे बाबा. परवा बघते तर आचळ वळवून थेट तिच्या तोंडात धार सोडत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, नेम चुकला.

यंदा तिने बियाण्याच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांवर चार पिल्लं घातली. तिसऱ्या दिवशी तिची लेक ठिगळी दारात हजर. आठवते ना, तीन रंगांची? दोन वर्षांपूर्वी मालकिणीनेच फिस्कारून हाकलली, तेव्हापासून ती पलीकडच्या सुताराकडे राहायची. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार आणि पिल्लांचा जीव जाणार. मी आपली शहाणी! दार ओढलं आणि कडी घातली.

ठिगळी बाहेर ओरडतेय, मालकीण आत ओरडतेय. मला वाटलं, एकमेकींना शिव्या देताहेत. दुपारी बाबा बियाणं काढायला आले आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी कडी काढली. ठिगळी आत गेलीच नाही, सरळ पळत सुटली. बघा, घाबरली, असं मी म्हणतेय तोवर परत आली. तोंडात एवढंसं पिल्लू! गोठ्यामागे लाकडांच्या ढिगाआड तिने आपली दोन पिल्लं आणून ठेवली होती. पहिलं आपल्या आईपुढे ठेवलं, मग दुसरं घेऊन आली. मालकिणीने दोघांना हुंगलं, चाटलं आणि पोटाशी ओढलं. आता सहा पिल्लं, दोन आया, आणि कोण कुणाचं पितंय याचा पत्ता नाही. एक शिकारीला गेली की दुसरी राखण करते. उंबऱ्यावर रोज दोन उंदीर असतात.

महिन्यापूर्वी तू फोनवर विचारलंस, बाळंतपणाला घरी येऊ का. मी म्हटलं, इथे धूळ, शेण, दवाखाना तासभर लांब, तू तिकडेच बरी. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि तेव्हापासून तुझा फोन फक्त बाबांना येतो. ते ‘बरं’ पुन्हा ऐकायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र. छकुले, धुळीचं निमित्त होतं. माझे हात हल्ली कापतात. दुधाची किटली उचलली तरी सांडते. तुझं बाळ हातातून निसटलं तर, या भीतीने मी तुलाच दाराबाहेर ठेवलं. माझं चुकलं. काल पोत्यांवर बसले होते, तर ठिगळीचं पिल्लू माझ्या ओंजळीत येऊन झोपलं. हात कापतच होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

तुझी खोली झाडून ठेवलीय. दवाखान्यात न्यायला सुताराची गाडी सांगून ठेवलीय. बाळाला तू उचलून माझ्या मांडीवर दे, पुढचं मी बघते. बियाण्याच्या खोलीची कडी फार घट्ट बसते म्हणून बाबांना सांगितलं, तर त्यांनी ती दुरुस्त केली. म्हणजे आता दार लागतच नाही. असू दे तसंच. तू ये.

वाट बघणारी तुझीच,
आई