पस्तीस किलो गटाचा अंतिम सामना

८ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा तीच पोरगी! एका चढाईत चौघींना बाद केलं आणि मध्यरेषेवर येऊन नाक पुसत उभी राहिली. जसं काही झालंच नाही.

वैष्णवी. आठवीत आहे. बाप पालीचा हनुमंत — राजगडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालतो. जूनमध्ये बदली होऊन या शाळेत आलो, पहिल्याच दिवशी हजेरीत 'वैष्णवी हनुमंत' वाचलं आणि मान वर केली. तेच रुंद कपाळ! सव्वीस वर्षं ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते आता रोज माझ्यासमोर बाकावर बसतं.

पुढच्या सोमवारी जिल्ह्याला जाणाऱ्या बारा जणींची यादी द्यायची आहे. कबड्डीचा मास्तर मी, यादी माझी. बघू.

९ सप्टेंबर

पाऊस. मैदानात चिखल. सराव नाही. बरं झालं.

१० सप्टेंबर, बुधवार

डोकं फिरलंय. सरावात रत्ना चढाईला गेली, रिकाम्या हातानं परत आली. मी शिट्टी वाजवणार तोच वैष्णवी हात वर करून बाहेर चालू लागली.

"कुठं निघालीस?"

"लागला सर. येणीला."

वेणीला! मला दिसलं नाही, रत्नाला कळलं नाही. आणि ही आपणहून बाद! कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणते, "बाबांनी."

बाबांनी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरींसमोर होतो म्हणून गप्प बसलो. नाहीतर सांगितलं असतं तिला, तुझ्या बाबानं भोरला काय केलं ते.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहूनच टाकतो एकदा. कुणाला सांगायची सोय नाही, सगळ्यांना पाठ आहे.

१९९९. भोर. पस्तीस किलो वजनी गट. मी तेरा वर्षांचा आणि साडेपस्तीस भरत होतो. अर्धा किलो उतरवायला दोन दिवस भाकरी बंद, आणि ताईचा स्वेटर घालून भाटघरच्या रस्त्यानं पळापळ. पोत्यांच्या काट्यावर चड्डीवर उभा राहिलो — बरोबर पस्तीस! खाली उतरल्या उतरल्या आईनं पदरातली दोन केळी हातात दिली. तशी केळी पुन्हा खाल्ली नाहीत.

अंतिम सामना पालीशी. एकवीस-बावीस. आम्ही एकानं मागे. शेवटची चढाई माझी. पालीच्या बाजूला एकच गडी उरलेला — हनुमंत. त्याला शिवून परत आलो की एक गुण, आणि सगळे बाद म्हणून लोणाचे वरचे दोन. चषक आमचा!

त्याला कोपऱ्यात दाबला. उजवा हात टाकला. त्यानं गुडघा मागं घेतला. मी वळलो आणि "लागला! लागला!" ओरडत मध्यरेषा ओलांडली. आमची अख्खी वाडी मैदानात धावली.

पंचांना काही दिसलं नव्हतं. तेव्हाची रीत अशी, की पंचांना दिसलं नाही तर ज्याला लागायचं त्यालाच विचारायचं. आणि पोरं खरं सांगायची. पंचांनी हनुमंताला विचारलं, "लागला का रं?"

"न्हाई."

एक शब्द. तोही माझ्याकडे बघून!

आमचा कप्तान संपत मातीत पालथा पडून रडला. आप्पा — ज्यांनी कधी बैलावर हात उगारला नाही — ते पंचांच्या अंगावर धावून गेले. त्यांना चौघांनी धरलं. आमच्या वाडीला पुन्हा कुणी खेळायला बोलावलं नाही, संघच मोडला. आप्पा मरेपर्यंत घरी येईल त्या पाहुण्याला सांगत राहिले, "माझ्या पोराचा चषक चोरला." त्यांना कसला आजार नव्हता, हाच होता.

आज वहीत उतरवल्यावर बरं वाटेल म्हटलं होतं. कसलं बरं!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अश्विनीशी वाजलं. तिचं एकच पालुपद, "पोरीचा काय दोष?"

दोष आहे असं म्हणतंय कोण? मी म्हणतोय तिचा उजवा पाय उशिरा उठतो. दम कमी पडतो. पकडीला घाई करते. अश्विनी म्हणाली, "मागच्या आठवड्यात तर म्हणत होता, अशी पोरगी दहा वर्षांत बघितली न्हाई."

बायकोला काही सांगायचीच सोय नाही!

खरं म्हणजे पाय उशिरा उठत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

फळ्यावर यादी लावली. बारा नावं. तिचं नाही.

पोरींनी गलका केला. रत्ना तर तोंडावर म्हणाली, "सर, मग आमी हरणार." वैष्णवीनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मैदानात जाऊन इतरांची दप्तरं राखत बसली.

रडली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.

१४ सप्टेंबर, रविवार

क्रमानं लिहितो.

सुट्टीला वाडीत आलोय. सकाळी देवळाच्या कट्ट्यावर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. संपत टेम्पो धुऊन नुकताच आलेला. एवढ्यात एसटीतून उतरून एक माणूस पोरीला घेऊन चालत आला. हनुमंत! केस पांढरे, कडक इस्त्रीचा शर्ट. पालीहून नसरापूर, तिथून भोर, तिथून इथे. पहाटेच निघाला असणार.

संपत उठून उभा राहिला. "हितं काय काम तुजं?"

हनुमंतानं चपला काढल्या. सगळ्यांना रामराम केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या वक्ताला म्या खोटं बोललो. सरांचा हात लागला हुता. गुडघ्याला. चषक तुमचा हुता."

कट्ट्यावर एकदम कल्ला! संपतनं मला मिठी मारली, उचललं. चाळीशीचा गडी ढसाढसा रडला. "आरं अमृत, आप्पा असाया पायजे हुतं आज!" कुणी पेढे आणायला पळालं, कुणी मोबाईलवर पुण्याच्या पोरांना सांगू लागलं. माझ्या कपाळाला गुलाल.

त्या गडबडीत वैष्णवी बापाला म्हणाली, "बाबा, तुमी तर —" त्यानं तिचा दंड दाबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी देवळाच्या घंटेकडे.

मग हनुमंत माझ्याजवळ आला. हात जोडले. "सर, माजं काय आसंल ते माज्या पदरात. पोरीवर राग धरू नका. लई खेळती वो."

मी मान हलवली. चहा घ्या म्हणालो. "यष्टी जाईल," म्हणून दोघं उलट पावली निघून गेले. मी कपाळावर गुलाल घेऊन कट्ट्यावर बसलो. लोक पाठ थोपटत होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

यादी दिली. वैष्णवीचं नाव पहिलं घातलं. संपतचे चार फोन — सत्कार कधी ठेवायचा?

हनुमंत काल खोटं बोलला. भोरला नाही, काल. माझा हात त्याला लागला नव्हता. वीतभर अंतर होतं. मला तेव्हाच कळलं होतं.