पायातलं पाणी

२ मे
आज चंदानं गोदामाच्या दारातून हात हलवला अन् त्याच क्षणी माझं सारं बदललं. गोंदियाच्या कॉलेजात मुलं तिला पायांवरून चिडवायची, म्हणून तिनं कॉलेज सोडलं. मग मी तिथं कायले बसू? आता केशोरीत, तिच्याच बापाच्या धानाच्या गोदामात वजनकाट्यावर कामाला लागलो. घरचे म्हणाले, पागल झाला. झालो तर झालो. उन्हाळी धान येऊन राहिला, टिनाच्या छपराखाली भट्टी पेटल्यासारखं आहे, तरी मी शीळ घालत पोती तोलतो. तिचा बाप, मनिराम शेठ, पोत्यात नुसता हात घालून मालाचा ओलावा सांगतो. ओला असला की उन्हात पसरवतो. वजन उतरतं.

४ मे
चंदाचे पाय कमरेपासून फुगलेले, घोट्याशी दोरी बांधल्यासारखे एकदम थांबलेले. पावलं मात्र बारीकच. पोतं घासलं तरी निळं पडतं, ठणकतं. हमाल म्हणतात, बापाचा भात खाऊन फुगली. वाटीभर खाते ती, मी पाहतो ना. एकाची कॉलर धरली. तिनंच सोडवली. म्हणाली, "कितीकांशी भांडशील रूप्या? आधी पोती तोल."

७ मे
शेठनं तिला काट्यावर उभं केलं. म्हणे पायात पाणी भरलं, अन् ओला माल वाळवला की उतरतोच. आजपासून प्यायला घोटभरच पाणी, दुपारभर टिनाखाली बसायचं. तिची आई, रुख्माकाकू, पदर तोंडाला लावून उभी. मी ओरडलो तर शेठ म्हणाला, "बाप मी आहो का तू?"
वजन मलाच वाचायला लावलं. वाचलं मी.

९ मे
काटा उतरला. शेठनं पेढे वाटले. काकूनं दोरीनं पाय मापले तर तेवढेच. मग उतरलं काय? गाल बसले. ओठ फाटले. डोळे —

१० मे
माझा दोस्त भुपेंद्र नागपूरला मेडिकलला शिकतो. त्याच्या डॉक्टर मॅडमशी फोनवर बोललो. त्यांनी विचारलं, बोटानं दाबलं की खड्डा राहतो का. काकूनं दाबून पाहिलं. राहत नाही. पावलं सुजली का. नाही. मग हे पाणी वाटत नाही, म्हणाल्या, चरबीचाच आजार असावा, लिपेडिमा. डॉक्टरांनाही लवकर ओळखू येत नाही. वाळवून जात नाही तो. आधी पाणी पाजा, लगेच घेऊन या.
शेठला सांगितलं. "काटा खोटं बोलते काय?" एवढंच म्हणाला. गोदामाला कुलूप. ती आत.

११ मे
शेठ किल्ली देत नाही. टिनावर आतून टकटक. मग —
नाही येत आता.

दुपार
कुलूप फोडलं. चंदा काट्यावरच. अंग तव्यासारखं, घाम नाही. उचलली. कमरेच्या वर वजनच नाही, नुसते पाय जड. पडवीत ठेवली. काकूनं तोंडात पाणी घातलं, गालावरून वाहून गेलं. श्वास नाही. पाय तेवढेच.
शेठ धावत आला. तिच्याकडे नाही, आत, काट्याकडे गेला. मी मागून गेलो. मला विचारतो, "उतरलं होतं ना रे?"
मी बाहेर निघालो. दार ओढलं. कडी घातली. पायरीवर बसून लिहून राहिलो. ऊन टिनावर आहे. तो टिन वाजवून राहिला, पाणी म्हणते, पा —